निरोगी थायरॉइड आणि किरणोत्सारी आयोडीन: उशिरा दिसणारी इजा

मांजराला थायरॉइडच्या आजारासाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं म्हटलं की पहिली शंका येते: ग्रंथीच्या निरोगी भागाचं काय? अशा मांजरात ग्रंथीतल्या गाठी बेसुमार संप्रेरक तयार करत असतात. ते पाहून मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) सोडणं जवळपास थांबवते, निरोगी पेशी सुस्तावतात, आयोडीन फारसं घेत नाहीत आणि बऱ्याच अंशी वाचतात. मुळात निरोगी असलेल्या ग्रंथीला मात्र हे संरक्षण नसतं.

थायरॉइडच्या पेशीपटलातलं एक प्रथिन सोडियमच्या दोन आयनांसोबत आयोडाइडचा एक आयन आत ओढतं. त्यामुळे ग्रंथीत रक्ताच्या वीस-चाळीसपट आयोडाइड साठतं. साधं आयोडीन-१२७ आणि किरणोत्सारी आयोडीन-१३१ यांचं रसायन एकच, त्यामुळे दोघांनाही दार सारखंच उघडं.

आयोडीन-१३१चा अर्धायुकाल ८ दिवस, म्हणजे तेवढ्यात त्याचे निम्मे अणू विघटित होतात. त्यातून सुटणारे बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, ऊतीत फार तर २ मिलिमीटर जातात, बहुतेक तर त्याच्या आतच थांबतात. आता १ ग्रॅमच्या ग्रंथीत १ मायक्रोक्युरी (किरणोत्साराचं एकक) साठलं असं धरू. सेकंदाला ३७,००० विघटनं आणि अणूचं सरासरी आयुष्य १० लाख सेकंद, म्हणजे एकूण सुमारे ३,७०० कोटी विघटनं. प्रत्येक बीटा कणाची सरासरी ऊर्जा ०.१९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. गुणाकार केला की ग्रंथीला मिळालेली मात्रा साधारण १ ग्रे येते (ग्रे म्हणजे दर किलो ऊतीत शोषलेल्या ऊर्जेचं एकक). ग्रंथी १० ग्रॅमची असती तर तेवढ्याच मायक्रोक्युरीने एक दशांश मात्रा मिळाली असती. उंदराची ग्रंथी जेमतेम काही मिलिग्रॅमची, त्यामुळे काही कण बाहेर निसटून शेजारच्या श्वासनलिकेला लागतात. शिवाय खाण्यात आयोडीन कमी असेल तर ग्रंथी अधिकच ओढून घेते. म्हणून नुसता मायक्रोक्युरीचा आकडा सांगून परिणाम कळत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते यापुढचं. थायरॉइडच्या पेशी क्वचितच विभागतात. डीएनए तुटलेली पेशीही संप्रेरक बनवत राहते; तिचं बिंग फुटतं ते विभागायची वेळ आल्यावर. कमी मात्रा दिलेल्या उंदरांची ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली ठीकठाक दिसू शकते. पण त्यांना संप्रेरकनिर्मिती रोखणारं औषध दिलं, की टीएसएच वाढतं आणि निरोगी ग्रंथी फुगते. किरण लागलेली ग्रंथी तशी फुगू शकत नाही. इजा होतीच, फक्त तिला विचारणारं कोणी नव्हतं. मोठ्या मात्रेनंतरही काम हळूहळू, आठवड्या-महिन्यांत घटतं. संप्रेरक कमी झालं की टीएसएच वाढतं, ते पेशींना विभागायला भाग पाडतं आणि त्यात आणखी पेशी मरतात.

मात्रा वाढली की कर्करोगही त्याच प्रमाणात वाढेल, असं मात्र नाही. फार मोठ्या मात्रेत पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीची गाठ होत नाही. मधल्या मात्रेत बदल झालेल्या पेशी जिवंत राहतात आणि वाढलेलं टीएसएच त्यांना ढकलत राहतं.

याच किरणोत्सारी आयोडीनच्या भीतीने २०११मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या दुर्घटनेनंतर चीनमध्ये लोकांनी मिठाच्या पिशव्या पळवल्या; मिठातलं साधं आयोडीन थायरॉइड आधीच भरून टाकेल, अशी त्यांची आशा. तो निव्वळ भ्रम होता. प्रौढांसाठीच्या १३० मिलिग्रॅमच्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीइतकं आयोडीन मिळवायला आयोडीनयुक्त मीठ काही किलो खावं लागेल. आणि खरी गोळीसुद्धा फक्त थायरॉइडला वाचवते, बाकी किरणोत्सारी मूलद्रव्यांपुढे तिचा काही उपयोग नाही.

सगळी थायरॉइड नष्ट होईल एवढी मात्रा दिलेल्या उंदरांत पुढे पिट्युटरीतच गाठी झालेल्या आढळल्या. थायरॉइडकडून संप्रेरक येणं बंद झालं, आणि टीएसएच बनवणाऱ्या पेशी विनालगाम वाढत गेल्या.