पोलादी केगमध्ये बिअर आंबते तेव्हा

बिअरचा स्टेनलेस स्टीलचा केग, म्हणजे तयार बिअर साठवायचे बंद पिंप, नीट न्याहाळला, की तो कशासाठी घडवला आहे हे त्याच्या आकारावरूनच कळते. त्याला टोकदार कोपरे नाहीत, सांधे मोजके आहेत, वरचा आणि खालचा भाग फुगीर आहे, कारण दाब गोलाईवर सारखा वाटला जातो. आणि तोंड एकच आहे. तयार बिअर दाबाखाली, हवेपासून आणि जंतूंपासून दूर ठेवणे हे त्याचे मूळ काम. बिअर ज्यात आंबवायची त्या भांड्याकडूनही आपली अपेक्षा नेमकी हीच असते. म्हणूनच जुन्या केगचा किण्वक, म्हणजे बिअर आंबवण्याचे भांडे, करताना त्याला काय काय जोडता येईल यापेक्षा त्यात काय कापू नये, हा विचार आधी व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. केगला पाडलेले प्रत्येक भोक दाब सहन करण्याची त्याची क्षमता घटवते आणि जंतूंना लपायला एक नवी फट देते.

केग कायदेशीर मार्गानेच मिळवलेला असावा. बहुतेक केग बिअर कारखान्याच्या मालकीचे असतात आणि ग्राहकाने भरलेली अनामत म्हणजे केगची किंमत नव्हे. हा मुद्दा मिटला, की खरी काळजी सुरू होते ती केग उघडताना. रिकामा दिसणारा केग क्वचितच खऱ्या अर्थाने रिकामा असतो; आत दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड उरलेला असतो. तोंडाशी झडप आणि तिच्याखाली तळापर्यंत गेलेली उभी नळी अशी एकच जोडणी असते, तिला स्पिअर म्हणतात, आणि ती बहुधा एका सपाट गुंडाळीदार कडीने अडकवलेली असते. दाब न सोडता ही कडी काढली, तर स्पिअर भाल्यासारखी वर उसळते आणि समोरच्याच्या जिवावर बेतू शकते. केग उभा ठेवावा, झडपेवर जाड कापड धरावे, चेहरा व छाती बाजूला ठेवून झडप दाबावी. आधी जोराचा फुत्कार येतो, थोडा फेस उडतो, मग आवाज बारीक होत जातो आणि शेवटी पूर्ण थांबतो. थांबल्यावरही आणखी दोन-तीनदा दाबून पाहावे, कारण सुकलेल्या बिअरच्या चिकट थराने झडप अर्धवट बंद राहिलेली असू शकते. त्यानंतरच कडीला हात लावावा.

या पोलादाची खरी ताकद त्याच्या पृष्ठभागावर आहे. 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले आणि न गंजणारे पोलाद हळूहळू सर्वत्र पोचले. केगसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या 304 प्रतीच्या पोलादात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. यातील क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून क्रोमियम ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार करते, आणि ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा धरतो. मात्र क्लोराइडपुढे तो दुबळा ठरतो. म्हणूनच क्लोरीनयुक्त ब्लीच केगमध्ये भरून ठेवणे ही मोठी चूक आहे, कारण त्यामुळे पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. साध्या लोखंडावर वापरलेली तारेची घासणी किंवा ग्राइंडरची चकतीही या पोलादावर चालवू नये. तिच्यातले लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि काही दिवसांत तेथे तांबूस ठिपके उमटतात. मग दोष पोलादाला दिला जातो.

तोटी किंवा तापमापकाची नळी बसवायची म्हणून केगच्या भिंतीत वेल्डिंग करायचे ठरले, तर आतली बाजू आर्गॉन वायूने भरून घ्यावी लागते. तसे न केल्यास तापलेल्या पोलादाची मागची बाजू ऑक्सिजनमुळे काळी, खडबडीत, करपलेल्या साखरेसारखी होते. अशा खडबडीत जागी ब्रश पोचत नाही, पण लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस यांसारखे बिअर आंबट करणारे जिवाणू आरामात पोचतात. बिअर बिघडण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चर यांनी 1876 मध्ये सविस्तर मांडले, तर एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी 1883 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. शुद्ध यीस्टचे हे महत्त्व एका ओबडधोबड सांध्याने वाया जाते. स्पिअर काढल्यावर मोकळ्या झालेल्या तोंडावरच क्लॅम्पने घट्ट बसणारे झाकण लावणे आणि नळ्या, तापमापक, वायूची झडप हे सारे त्या झाकणातून आत नेणे, ही रचना मला सर्वांत समंजस वाटते, कारण तिच्यात केगची भिंत अखंड राहते.

आता आत काय घडते ते आकड्यांत पाहू. 50 लिटरच्या केगमध्ये 40 लिटर वॉर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) उकळून गार केलेला गोड अर्क, भरला आणि यीस्टने त्यातील सुमारे 3 किलो साखर खाल्ली असे धरू. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारे 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. या हिशेबाने बिअरमध्ये आकारमानाने 5 टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल येते आणि दीड किलोच्या आसपास वायू निर्माण होतो, जो खोलीच्या तापमानाला सुमारे 800 लिटर जागा व्यापतो. वर मोकळी राहिलेली जागा मात्र फक्त 10 लिटर. काही वायू बिअरमध्ये विरघळेल हे गृहीत धरूनही, सर्व वाटा बंद असतील तर कागदावर हा दाब वातावरणाच्या पंधरा पटींहून अधिक निघतो. म्हणून वायूला बाहेर पडायला वाट हवीच, आणि तिच्या जोडीला ठरावीक दाबाला आपोआप उघडणारी स्वतंत्र सुरक्षा झडपही हवी. वरची ती 10 लिटर जागा फेसासाठीही लागते. ती कमी ठेवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत उसळणारा फेस वायूच्या नळीत शिरतो, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चोथा तेथे अडकतो आणि वाट बुजते.

उष्णतेचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. एवढी साखर आंबताना निघणारी सगळी उष्णता केगमध्येच कोंडली, तर 40 लिटर द्रवाचे तापमान जवळजवळ 10 अंश सेल्सिअसने चढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भिंतीतून बाहेर जाते, तरी आंबवण जोरात असताना केगला तळहात लावला, तर तो खोलीपेक्षा उबदार असल्याचे जाणवते. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण 18 ते 22 अंशांना उत्तम काम करते. तापमान याच्या बरेच वर गेले, तर उग्र वासाची जड अल्कोहोले वाढतात. त्यामुळे खोलीचे नव्हे, तर द्रवाच्या आतले तापमान मोजले पाहिजे.

केगचा सर्वांत मोठा फायदा दाबाखालच्या आंबवणीत मिळतो. ठरवलेल्या दाबापर्यंत वायू अडवून जादा तेवढा सोडणारी झडप बसवली, की आंबवण संपता संपता बिअर आपल्याच वायूने काही प्रमाणात फसफसती होते. शिवाय बिअर थंड केल्यावर वायू आकसतो आणि अधिक विरघळतो, तेव्हा साध्या भांड्यावरच्या पाण्याच्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर सोडणाऱ्या बुचातून, हवा आत ओढली जाते. दाबाखालच्या बंद केगमध्ये हा धोका राहत नाही. मात्र हे करायचे ते कापाकापी न केलेल्या केगमध्येच, आणि केग व झाकण या दोन्हींवर नोंदलेल्या दाबमर्यादेच्या पुरेसे खाली राहून.

बाहेर सोडलेला वायू कुठे जातो, इकडेही लक्ष हवे. लीड्समध्ये बिअर कारखान्याशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रिस्टली यांना 1767 च्या सुमारास दिसले, की आंबवणीच्या पिंपांवर साठलेल्या हवेत जळती काडी विझते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. तळघरात किंवा बंद, लहान खोलीत केग ठेवू नये आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या केगमध्ये तोंड घालून वास घेऊ नये.

आंबवण उरकल्यावर केग 2 ते 4 अंशांपर्यंत थंड केला, की यीस्ट खाली बसते आणि तळाशी साका जमतो. बिअर काढण्याची नळी तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर कापलेली असेल किंवा तिला तरंगता फ्लोट असेल, तर नितळ बिअर वेगळी निघते. दमट हवेत थंड केगच्या बाहेरून दव धरते, पण ते बिअर जेथवर आहे तेथवरच दाट असते, कारण वरचा वायूचा भाग लवकर कोमट होतो. बिअर काढताना ही दवाची रेषा हळूहळू खाली सरकते आणि अपारदर्शक पोलादाच्या आत किती बिअर उरली आहे ते बाहेरून वाचता येते. रेषा तळाजवळ आली, की नळीतून फेस थुंकल्यासारखा येऊ लागतो. तेथेच थांबावे, दाब पूर्ण सोडावा आणि साका वाळून घट्ट होण्याआधी केगमध्ये कोमट पाणी भरावे.