आई दुधाची, गोऱ्हा मांसाचा

गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि व्यायली की निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. कालवड झाली तर ती उद्याची दुभती गाय. गोऱ्ह्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र दूधधंद्याच्या मागे कायमचाच लागलेला आहे. ज्या देशांत गोमांसाचा व्यवसाय चालतो तिथे यातले बरेच गोऱ्हे लहानपणीच खच्ची करून मांसासाठी वाढवले जातात, आणि त्यांत काळ्यापांढऱ्या होल्स्टीन या दुधाळ जातीचा भरणा मोठा असतो.

यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. पण ॲंगस किंवा हिअरफोर्डसारख्या मांसल जातीचा खुराकाचा तक्ता उचलून होल्स्टीनला लावला, की हिशेब कोलमडतो. कारण हे जनावर आतून वेगळं आहे.

दिवसाला तीस-चाळीस लिटर दूध देणाऱ्या गायीच्या कासेत जे काही तयार होतं, त्याचा सगळा कच्चा माल आधी आतड्यांतून आणि यकृतातून जावा लागतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जास्त दुधाच्या गायी निवडताना माणसाने नकळत मोठं यकृत, मोठी आतडी आणि दांडगी भूकही निवडली. गोऱ्ह्याला कास नसते, पण हा बाकीचा वारसा त्याच्याकडे येतोच. आता गंमत अशी, की आतडी, पोट आणि यकृत मिळून शरीराच्या वजनात दहा टक्केही भरत नाहीत, पण शरीर वापरतं त्या प्राणवायूतला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा तेच खातात. उभ्या गाडीचं इंजिन चालूच राहावं, तसा हा खर्च आहे. म्हणूनच वजन न वाढवता नुसतं टिकवून धरायलाही होल्स्टीनला मांसल जातीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त ऊर्जा लागते.

शिवाय त्याची चरबी साठते ती मुख्यतः आत, मूत्रपिंडांभोवती आणि आतड्यांवर. कातडीखालचा थर पातळ, कातडीही पातळ. थंडीत ओल्या जागेवर बसलेला होल्स्टीन खाल्लेल्या खुराकातला मोठा भाग अंग ऊबदार ठेवण्यातच घालवतो. अशा वेळी खुराक वाढवण्याआधी बसायची जागा कोरडी करावी. ते स्वस्तही पडतं.

दुसरा फरक सांगाड्याचा. ही उंच, मोठ्या हाडाची आणि उशिरा प्रौढ होणारी जात. जनावराच्या वाढीत आधी हाड, मग स्नायू आणि शेवटी चरबी असा क्रम असतो. मांसाला चव आणि रसाळपणा देणारी स्नायूतली चरबी सर्वांत उशिरा भरते. आता समजा, स्वस्तात वाढावा म्हणून गोऱ्ह्याला वर्षभर नुसत्या चराईवर सोडला. त्या काळात त्याचा सांगाडा वाढतच राहतो, आणि पुढे धान्य सुरू केल्यावर अंगावर चरबी धरेपर्यंत वजन ७०० किलोच्या पुढे जातं. इतकं धूड कत्तलखान्याला नको असतं. म्हणून मोठ्या प्रमाणावर हा धंदा करणारे चराईचा टप्पाच गाळतात. तीन-चार महिन्यांचा गोऱ्हा धान्यावर येतो, दिवसाला सव्वा ते दीड किलोने वाढतो आणि सव्वा-दीड वर्षाचा होईतो ६०० ते ६५० किलोला पोचतो. एक किलो वजनामागे त्याला साधारण सात किलो कोरडं खाद्य लागतं. जिथे हिरवं गवत मुबलक आणि धान्य महाग, तिथे दोन वर्षांची, चराईवरची पद्धतही चालते. ती चुकीची नाही, पण तिचं गणित वेगळं आहे. दोन्ही पद्धती अर्ध्याअर्ध्या करणाऱ्याच्या हाती मात्र मोठा सांगाडा आणि कमी मांस येतं.

या सगळ्याचा पाया मात्र पहिल्या काही तासांत घातला जातो. गायीची वार अशी असते, की तिच्यातून रोगप्रतिकारक प्रथिनं गर्भाकडे जात नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. ही प्रथिनं चिकातून मिळतात, पण ती जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची क्षमता जन्मल्या क्षणापासून ओसरू लागते आणि २४ तासांत जवळपास संपते. त्यामुळे पहिल्या काही तासांतच तीन-चार लिटर चांगला चीक पोटात गेला पाहिजे. कालवडीच्या बाबतीत हे नीट पाळलं जातं. गोऱ्ह्याच्या बाबतीत मात्र हात आखडतो, कारण तो चार दिवसांत विकायचाच असतो. मग पुढे घेणारा माणूस हगवण आणि न्यूमोनियाशी झगडत बसतो.

दुसरा पाया कोठीपोटाचा. जन्मतः वासराच्या पोटाच्या चार कप्प्यांतला चौथा सर्वांत मोठा असतो आणि दूध थेट तिथेच जातं. कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पहिला कप्पा, तेव्हा नुसती पातळ पिशवी असतो. सहा आठवडे केवळ दुधावर वाढलेल्या वासराचं कोठीपोट उघडून पाहिलं तर आतली भिंत फिकट आणि गुळगुळीत दिसते. त्याच वयाच्या, पण पहिल्या आठवड्यापासून धान्याचा खुराक चाटत आलेल्या वासरात तीच भिंत गडद तपकिरी आणि दाट, बोटांसारख्या बारीक उंचवट्यांनी भरलेली असते. हा फरक घडवतं ब्युटिरिक आम्ल. धान्य आंबताना ते तयार होतं आणि भिंतीच्या पेशींना वाढायला लावतं. गवताने कोठीपोटाचे स्नायू बळकट होतात, पण हे उंचवटे वाढवायला धान्यच लागतं. अन्नरस शोषला जातो तो याच उंचवट्यांतून. म्हणून दूध कधी तोडायचं ते दिनदर्शिका पाहून ठरवू नये. वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाऊ लागलं की समजावं, पोट तयार आहे. बहुतेकांत ही वेळ सहा ते आठ आठवड्यांत येते.

खच्चीकरण आणि शिंगकळ्या जाळणं ही कामंही याच वयात, वेदनाशामक देऊन उरकावीत. वृषणांच्या मुळाशी रबरी कडी घालायची तर पहिल्याच आठवड्यांत. पुढे वृषणांच्या नसा चिरडणारा चिमटा लावता येतो, पण वय वाढेल तशी वेदना आणि वजनातली घट दोन्ही वाढतात. न खच्ची केलेला नर खरं तर वेगाने वाढतो. तरीही खच्ची करतात, कारण स्नायूंत चरबी चांगली भरते, आणि दुसरं म्हणजे माणसांच्या हातून दूध पिऊन वाढलेला होल्स्टीन वळू माणसाला बिचकत नाही. जनावर भीत नसेल आणि त्याचं वजन टनाच्या जवळ जात असेल, तर जीव जायला एक ढुशी पुरते.

खच्ची झाल्यावरही हे प्राणी स्वस्थ बसत नाहीत. फाटकाच्या कड्या चाटून उघडतात, पाण्याच्या हौदाचा फ्लोट जिभेने खेळवून तोडतात. गोठा बांधणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

धान्यावर आणण्याचा टप्पा सर्वांत नाजूक. गवताकडून धान्याकडे तीन-चार आठवड्यांत पायरीपायरीने जायचं असतं, कारण कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांची वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर स्टार्च झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल साचतं आणि सहाच्या वर असणारा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्याही खाली जातो. अनुभवी माणसाला हे गव्हाणीत आणि शेणात दिसतं. काल गव्हाण चाटूनपुसून खाल्लेलं जनावर आज तोंड फिरवतं, शेण पातळ, करडं आणि फेसाळ पडतं, त्यात न पचलेले दाणे दिसतात. खुराकात दहा टक्क्यांच्या आसपास तरी चारा ठेवतात तो याचसाठी. चारा असला की रवंथ होतो, रवंथ झाला की लाळ सुटते, आणि लाळेतला सोडा आम्ल मारतो. काही जण मका दळतच नाहीत, अख्खाच घालतात. जनावर तो चावत बसतं आणि स्टार्च सावकाश बाहेर पडतो.

प्रथिनांचं फार अवघड नाही. लहानपणी खुराकात १६ ते १८ टक्के, शेवटी १२-१३ टक्के पुरे. युरिया देता येतो, पण तो मोठ्या जनावरालाच. लहान्याच्या कोठीपोटातले जिवाणू त्याचं प्रथिन करायला पुरेसे नसतात. मूतखड्याकडे मात्र काणाडोळा करू नये. लहानपणी खच्ची केलेल्या नराची मूत्रनलिका अरुंद राहते, आणि धान्यात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम फारच कमी. खुराकात चुनखडीची भुकटी मिसळून कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट करतात, आणि जनावराने पाणी जास्त प्यावं म्हणून मीठ घालतात.

एवढं करून हाती काय येतं? होल्स्टीनच्या जिवंत वजनातून सोललेल्या धडाचा उतारा ५८ टक्क्यांच्या आसपास पडतो, मांसल जातींत तो ६२-६३ असतो. मोठं पोट, मोठं यकृत आणि आतली चरबी यांचं वजन तिथे वजा होतं. हाडाच्या मानाने मांस कमी आणि बरगडीवरचा स्नायू लांबुडका. पण त्याच स्नायूत चरबीची जाळी सुरेख भरलेली असते, आणि सगळी जनावरं एकसारखी निघतात. माझ्या मते त्याचं खरं भांडवल हा एकसारखेपणाच आहे.

सर्वांत मोठा तोटा मात्र जनावर जिवंत असेपर्यंत दिसत नाही. आम्लाने कोठीपोटाची भिंत सुजते, तिला बारीक जखमा होतात. एरवी तिथेच निरुपद्रवीपणे राहणारा फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जिवाणू त्यांतून रक्तात शिरतो, आणि त्या रक्ताचा पहिला मुक्काम यकृत. तिथे पुवाने भरलेले गळू तयार होतात. जनावर खातंपितं, हिंडतं. गळू कळतात ते कापल्यावर. यकृत फेकावं लागतं, आणि ते छातीच्या पडद्याला चिकटलं असेल तर आसपासचं मांसही. वर्षभर धान्य खाणाऱ्या होल्स्टीनमध्ये हे प्रमाण मांसल जातींपेक्षा बरंच जास्त आढळतं. टायलोसिन या प्रतिजैविकाने ते कमी होतं, पण हे औषध ज्या गटातलं आहे तो माणसांच्याही उपचारात लागतो. अमेरिकेत २०१७ पासून ते पशुवैद्याच्या लेखी आदेशाशिवाय खाद्यात घालता येत नाही.

अलीकडे गोठ्यातल्या उत्तम गायींना लिंगनिर्धारित वीर्य देऊन कालवडी घेतात आणि उरलेल्यांना ॲंगस, लिमोझिन किंवा सिमेंटल अशा मांसल जातींचं वीर्य भरतात. अशा संकराच्या गोऱ्ह्याचा उतारा सुधारतो, स्नायूही गोलाकार भरतो. यकृतातले गळू मात्र त्यांच्यातही होल्स्टीनसारखेच भरपूर सापडतात. म्हणजे दोष केवळ जातीचा नाही. लवकर सुरू झालेलं आणि लांबलेलं धान्य यामागे असावं असा संशय आहे, आणि संशोधकांची नजर आता वासराच्या पहिल्या चार महिन्यांच्या आहाराकडे वळली आहे.