‘फेस एरिया’ हे नाव कसं पडलं

नाक, डोळे, मिशी सगळं नीट दिसतं, पण समोरचा कोण हे तो बोलल्यावरच कळतं. असे रुग्ण डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकातही भेटत होते. या अवस्थेला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव एका जर्मन डॉक्टरांनी १९४७ मध्ये दिलं. त्यांच्यासमोर युद्धात डोक्याला जखमा झालेले रुग्ण होते. मग १९६९ मध्ये दिसून आलं की फोटो उलटा धरला तर घरं किंवा विमानं ओळखण्यापेक्षा चेहरे ओळखणं फार जास्त अडतं.

खरी ठिणगी पडली १९९७ मध्ये. एका अमेरिकी गटाने एमआरआयमध्ये १५ जणांना चेहरे आणि इतर वस्तू दाखवल्या. त्यांपैकी १२ जणांत मेंदूच्या तळाशी, बहुधा उजवीकडे, एक छोटा भाग चेहरे पाहताना ठळकपणे जागा होत होता. नाव ठेवलं ‘फ्यूसिफॉर्म फेस एरिया’. फ्यूसिफॉर्म म्हणजे चातीच्या आकाराचं; ते आकारावरून पडलेलं जुनं नाव. ‘फेस’ मात्र कामावरून जोडलं, आणि वादाचं उत्तर नावातच देऊन टाकलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं की हा भाग चेहऱ्यांचा नाही, बारीक फरक टिपण्यात मुरलेल्या नजरेचा आहे. त्यांनी १९९९ मध्ये ‘ग्रीबल’ नावाच्या कृत्रिम आकृत्या ओळखायचा लोकांना सराव दिला, तर तोच भाग जागा झाला. पुढच्या वर्षी पक्षीनिरीक्षकांत पक्षी पाहताना आणि मोटारींच्या जाणकारांत मोटारी पाहताना तसंच घडलं. तरी चेहऱ्यांचा प्रतिसाद वरचढच राहिला. २००६ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या अशाच एका ठिकाणी थेट इलेक्ट्रोड घालून पाहिलं, तेव्हा तिथल्या प्रतिसाद देणाऱ्या ९७ टक्के पेशी चेहऱ्यांच्याच निघाल्या. नाव ठेवणाऱ्यांचं पारडं तेव्हा जड झालं, हे कबूल करायला हवं.

या गदारोळात १९९९ मधलाच दुसरा एक प्रयोग झाकोळला. माझ्या लेखी तो जास्त मोलाचा. दाबून अरुंद केलेला चेहरा थोडा वेळ टक लावून पाहिला की नंतर साधा चेहरा फुगलेला दिसतो. ‘नेहमीचा चेहरा’ कसा असतो याचं मेंदूतलं माप तेवढ्यात सरकतं. २००१ मध्ये हे व्यक्तीच्या ओळखीबाबतही दिसलं. मराठीत याला ‘अनुकूलन’ म्हणतात आणि घोळ होतो, कारण निवडुंगाचे काटे हेही अनुकूलनच. ते लाखो वर्षांचं, हे मिनिटांचं. ‘नजर सरावणे’ हे साधे शब्द जास्त नेमके.

२०१७ मध्ये जुना वाद पुन्हा उकरला गेला. माकडांची काही पिल्लं जन्मापासून एकही चेहरा दिसू न देता वाढवली. सांभाळणारे वेल्डिंगचे मुखवटे घालत. त्यांच्या मेंदूत चेहऱ्यांची ठिकाणं घडलीच नाहीत, हातांची मात्र घडली. चित्रं दाखवली, तर त्यांची नजर चेहरा सोडून हातांवर जाई.