हॉट हॅच : लहान फेरबदल आणि उपयोगी सुधारणा

मागचे वर उघडणारे दार, चार-पाच जणांची जागा आणि आटोपशीर आकार हे रोजच्या हॅचबॅकचे गुण तसेच ठेवून जास्त ताकदीचे इंजिन, घट्ट सस्पेन्शन आणि नेमके स्टिअरिंग दिलेल्या गाडीला हॉट हॅच म्हणतात. अशा गाडीत मालकाने नंतर केलेले, मूळ सांगाड्याला हात न लावणारे आणि बहुतेक वेळा नटबोल्ट खोलून पूर्ववत करता येणारे बदल या नोंदीत घेतले आहेत. इंजिन बदलणे किंवा शर्यतीसाठी आसने काढून संरक्षक लोखंडी पिंजरा बसवणे हा वेगळा विषय आहे.

हा गाड्यांचा प्रकार मुळात फेरबदलांतूनच जन्मला. फोक्सवागेनच्या मोजक्या अभियंत्यांनी साध्या गोल्फवर काम करून जी गाडी उभी केली, ती गोल्फ जीटीआय म्हणून १९७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दिसली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. १.६ लिटरच्या इंजिनाला इंधन-इंजेक्शन देऊन मिळवलेली ११० अश्वशक्ती, थोडे खाली घेतलेले सस्पेन्शन, वळणावर गाडीचे कलणे रोखणारा अँटीरोल बार, पुढच्या चाकांना हवा खेळणाऱ्या डिस्क आणि रुंद टायर एवढेच बदल, पण सगळे एकमेकांच्या बेताने केलेले. गिअरच्या दांड्यावरची गोल्फच्या चेंडूसारखी मूठ गुन्हिल्ड लिल्येक्विस्ट यांच्या कल्पनेतून आली. मूठ सोडली तर आज हौशी मालक जे करतात त्यातले बहुतेक सगळे त्या पहिल्या गाडीत आहे. फरक असतो तो मेळाचा. कारखान्यात स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्झॉर्बर, टायर आणि ब्रेक एकत्र तोलले जातात. त्यातला एक घटक बदलला की उरलेल्यांचा हिशोब नव्याने करावा लागतो, आणि मॉडिफिकेशन फसते ते बहुधा याच ठिकाणी.

बहुतेक हॉट हॅचमध्ये इंजिन पुढची चाके फिरवते. म्हणजे गाडी ओढणे, वळवणे आणि थांबवण्याचा मोठा वाटा उचलणे ही तिन्ही कामे त्याच दोन टायरांवर पडतात. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्यामुळे पैसा आणि लक्ष आधी टायरवर घालावे, या सल्ल्याला तोड नाही. चांगले टायर एकाच वेळी ब्रेक, वळण आणि पिकअप सुधारतात. दुसरा कोणताही एक भाग एवढे करत नाही.

टायरच्या बाजूवर छापलेले २०५/४० आर १७ म्हणजे रुंदी २०५ मिमी., बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १७ इंची. मूळ टायर १९५/५५ आर १५ असेल तर त्याचा बाहेरचा व्यास ५९५.५ मिमी. भरतो आणि २०५/४० आर १७ चा ५९५.८ मिमी. हा व्यास जुळणे महत्त्वाचे, कारण स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि गिअरचे प्रमाण त्यावर बेतलेले असते. मात्र व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की रबराची भिंत १०७ वरून ८२ मिमी.वर येते. स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो, पण खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो. मोठी रिम बहुधा जडही असते, आणि चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने त्याची झळ आराम आणि पकड या दोन्हींना लागते. रस्ते खराब असतील तर मूळ मापाचीच पण हलकी रिम हा जास्त शहाणपणाचा बदल ठरतो.

रिम घेताना बोल्टांच्या वर्तुळाचे माप आणि ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते) सगळे पाहतात. मधले भोक मात्र विसरले जाते. ते हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागापेक्षा, मोठे असेल तर चाक केंद्रात बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. तेथे योग्य मापाची रिंग घालावी लागते. नटाची बैठक शंकूसारखी आहे की गोल, हेही जुळले पाहिजे. नट कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने आवळावेत आणि ५० ते १०० किमी. चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

ब्रेकच्या बाबतीत एक गैरसमज घट्ट रुजला आहे : डिस्क मोठी केली की गाडी कमी अंतरात थांबते. मूळ ब्रेक जर एबीएस चालू होईपर्यंत चाक रोखू शकत असतील, तर एकदाच जोरात ब्रेक मारल्यावर थांबण्याचे अंतर टायरची पकड ठरवते, डिस्कचे माप नाही. मोठ्या डिस्कचा उपयोग उष्णतेसाठी आहे. १,२०० किग्रॅ.ची गाडी ताशी १०० किमी. वेगावरून थांबते तेव्हा सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा उष्णता बनते. २० अंश सेल्सिअसचे जवळजवळ १.४ लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरे. घाटाच्या उतारावर किंवा ट्रॅकवर हे पुन्हापुन्हा घडले की पॅड आपली पकड सोडतात, ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते.

म्हणून ब्रेकची पहिली सुधारणा म्हणजे ताजे ब्रेक ऑइल. ग्लायकॉलचे ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. डॉट ५ हे नाव सारखे वाटले तरी ते सिलिकॉनचे ऑइल आहे आणि या दोघांत मिसळत नाही. त्यानंतर पॅड. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, त्यामुळे सकाळी पहिल्याच चौकात धोका उभा राहतो. रोजच्या गाडीला रस्त्यासाठीचे दमदार पॅड घालावेत. ब्रेक ऑइलचे स्टीलच्या जाळीचे होज (नळ्या) पेडल थोडे टणक करतात. एवढ्यावर बहुतेकांची गरज भागते.

सस्पेन्शनमध्ये सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत जास्त बिघडणारा बदल म्हणजे गाडी खाली घेणे. २० ते ३० मिमी. खाली घेणाऱ्या चांगल्या स्प्रिंग मूळ शॉकबरोबर निभावतात, तरी शॉक थकलेले असतील तर जोडी एकदमच बदलावी. त्याहून खाली गेले की मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेली रचना) असलेल्या गाड्यांत एक उलटा परिणाम दिसू लागतो. खालच्या आर्मचे चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते, आणि बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोघांतले अंतर वाढल्याने वळणावर बॉडीला कलवणारी तरफ लांब होते. गाडी दिसते बसकी, पण कलण्याकडे तिचा ओढा वाढलेला असतो. तो झाकायला आणखी कडक स्प्रिंग घातल्या जातात आणि मग खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते. कापलेल्या स्प्रिंग तर कधीच वापरू नयेत. चाक पूर्ण खाली लोंबले की त्या आपल्या खाचेतून निसटू शकतात.

वळणावर नाक बाहेर जाण्याची सवय कमी करायला मागचा अँटीरोल बार थोडा जाड करणे हा उंची न बदलणारा, नेटका उपाय आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू बाहेर सरकू शकते, आणि ओल्या रस्त्यावर ते फार लवकर घडते. कोणताही बदल केला तरी व्हील अलाइनमेंट करून घ्यावेच. पुढे कॅमेरा असलेल्या गाड्यांत आणि आपोआप उंची साधणाऱ्या हेडलाइटमध्ये गाडीची उंची बदलल्यावर त्यांची जुळणीही पुन्हा करावी लागते.

इंजिनाकडे सगळ्यांचे मन आधी धावते, पण येथे टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) आणि बिनटर्बो असा मोठा भेद आहे. १९९७ च्या होंडा सिव्हिक टाइप आरने १.६ लिटरमधून टर्बोशिवाय १८५ अश्वशक्ती काढली होती. अशा इंजिनात हवेचा फिल्टर आणि रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली जुळणी बदलणे) यांनी हाती फार काही लागत नाही. टर्बो इंजिनात ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, नकाशा बदलून हवेचा दाब वाढवता येतो आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) ठळकपणे वाढतो. तो भार क्लच, गिअरबॉक्स आणि पुढच्या टायरांवर जातो. कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क मागणारा रीमॅप थेट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनात अवेळी स्फोटाला, आणि त्यातून पिस्टन फुटण्याला निमंत्रण देऊ शकतो. रीमॅपआधी ताजे प्लग, योग्य ऑक्टेनचे पेट्रोल आणि शक्य तर टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर असावा. उघडा कोन फिल्टर आवाज छान देतो, पण बोनेटखालची गरम हवा ओढत असेल तर ताकद घटतेच. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे हा अनेक देशांत गुन्हा आहे आणि मागून येणाऱ्यांच्या फुप्फुसांवर अन्याय आहे.

रोजच्या वापरातले बदल दिसायला किरकोळ, पण समाधान त्यांचेच जास्त टिकते. इंजिनाच्या खालच्या माउंटमध्ये टणक रबर घातले की गिअर टाकताना बसणारा झटका कमी होतो; उभ्या गाडीत थोडी थरथर मात्र जाणवते. दारांच्या आतल्या पत्र्यावर ब्युटिलच्या चकत्या लावल्या की दार बंद होण्याचा आवाज भरीव होतो. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. डिकीत रबरी ट्रे, चाकांमागे मडफ्लॅप आणि पंक्चर किटऐवजी स्टेपनी, जागा असेल तर, हे सारे प्रवासात कामी येते. डॅशकॅमची वायर ओढताना फ्यूज उगमाजवळच घालावा. हॅलोजनसाठी बनलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब खुपसू नयेत : परावर्तक तारेच्या ठरावीक जागेवर बेतलेला असतो, त्यामुळे प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एअरबॅग असलेले स्टिअरिंग किंवा आसन बदलून छानदार पण एअरबॅग नसलेले भाग बसवणे तितकेच चुकीचे. पट्टे, स्टिकर, नकली हवाछिद्रे यांनी गाडी बदलत नाही.

बदल एकेक करावा आणि पुढचा करण्याआधी काही आठवडे गाडी चालवावी, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. विमा कंपनीला लेखी कळवावे. नोंदणी आणि तपासणीचे नियम देशागणिक वेगळे असल्याने ते आधी पाहावेत. काढलेल्या मूळ स्प्रिंग, रिम, एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) यांवर चिठ्ठी लावून ते कोरड्या जागी ठेवावेत. हॉट हॅच विकत घेणारा जाणकार बोनेट उघडल्यावर बहुधा आधी हेच विचारतो, की मूळ भाग आहेत का.