पिक्चर ट्यूब टीव्हीची दुरुस्ती व सेटिंग

पिक्चर ट्यूबच्या (इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्र उमटवणाऱ्या जुन्या काचेच्या नळीच्या) दूरचित्रवाणी संचातला बिघाड काढणे, त्याची व्होल्टेज तपासणे आणि चित्राचा आकार, फोकस व रंग ठरलेल्या जागी आणणे हे काम. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढची पंचवीसेक वर्षे हे काम गल्लोगल्लीच्या मेकॅनिककडे होते. आता सपाट पडद्यांनी ते संपवत आणले आहे. उरलेले संच सांभाळतात ते जुन्या वस्तूंचे आणि जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन. त्या गेमची प्रकाश-बंदूक इलेक्ट्रॉन झोत पडद्यावर नेमका केव्हा पोचला यावर नेम ओळखते, म्हणून ती एलसीडीवर चालत नाही.

संच बंद करून प्लग काढला तरी वीज दोन ठिकाणी शिल्लक राहते. पहिली जागा खुद्द ट्यूब. तिच्या काचेला आतून-बाहेरून विद्युतवाहक लेप असतो, त्यामुळे ती मोठा कपॅसिटर बनते. २१ इंची रंगीत संचात एनोडवर (ट्यूबच्या उच्च व्होल्टेजच्या टोकावर) साधारण २५,००० व्होल्ट असतात. दुसरी जागा पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर, म्हणजे डीसी वीज साठवून सपाट करणारा भाग. २३० व्होल्टचा पुरवठा डीसी झाला की त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. लोक घाबरतात ट्यूबला, पण हिशेब उलटा आहे. २,००० पिकोफॅरडच्या ट्यूबमध्ये जेमतेम ०.६ ज्यूल ऊर्जा असते, तर २२० मायक्रोफॅरडच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साडेअकरा. ट्यूबच्या झटक्याने हात जोरात मागे येतो आणि तो ट्यूबच्या मानेवर (मागच्या अरुंद टोकावर) आदळून काच फुटते, हा तिचा खरा उपद्रव. तरी कुठलाच झटका किरकोळ समजू नये.

डिस्चार्ज करताना लांब, चांगल्या प्लॅस्टिक मुठीच्या पेचकसाला वायर बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या, विणलेल्या अर्थ वायरला लावतात. सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला ते लावू नये, कारण त्या धक्क्याने आयसी जातात. मग पेचकसाचे टोक एनोडच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवतात. ‘टक्’ असा आवाज येतो, कधी येतही नाही. काचेत मुरलेला चार्ज काही मिनिटांत पुन्हा वर येतो, म्हणून हीच क्रिया पुन्हा करावी लागते. फिल्टर कपॅसिटर मात्र पेचकसाने शॉर्ट करण्याची दुकानी सवय वाईटच. तो काही किलोओहमच्या, १० वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामा करावा आणि मीटरने खात्री करावी.

सेटिंग मात्र संच चालू ठेवूनच होते, आणि तिथे डिस्चार्जचा काही उपयोग नाही. बहुतेक संचांत पॉवर सप्लायचा प्राथमिक भाग थेट मेन्सला जोडलेला असतो. काही जुन्या संचांत तर सगळी चॅसिसच ‘गरम’, म्हणजे मेन्सला जोडलेली असते. त्यासाठी संचाला मेन्सपासून वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याच्याशिवाय ऑसिलोस्कोपची (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाची) अर्थ क्लिप लावली की स्फोटासारखा शॉर्ट होतो. मेकॅनिक संचाच्या पुरवठ्यात जोडतात तो सिरीज बल्ब सर्किट वाचवतो, माणसाला नाही. तो भगभगीत पेटून राहिला तर पुढे शॉर्ट आहे असे समजते. सुरुवातीची क्षणभराची झगमग ट्यूबचे चुंबकत्व काढणाऱ्या डीगॉसिंग कॉइलची असते. अंगठी-घड्याळ काढून, शक्यतो एकाच हाताने काम करतात.

जुन्या संचाचे बरेच आजार सोल्डरमध्ये सापडतात. एलओटीचे (ट्यूबचे उच्च व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) पाय, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, योकचा (मानेवरच्या झोत वळवणाऱ्या कॉइलचा) कनेक्टर इथे उष्णतेने बारीक गोल चीर पडते आणि टीव्हीला थाप मारली की चित्र येते. पडद्यावर एकच आडवी चमकती रेघ दिसली तर व्हर्टिकल सेक्शन (झोत वर-खाली फिरवणारा भाग) बंद पडलेला असतो. ब्राइटनेस लगेच उतरवावा, नाहीतर त्या जागचे फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) जळते.

सेटिंगआधी संच अर्धा तास तापू देतात. पहिली तपासणी बी-प्लसची, म्हणजे पॉवर सप्लायच्या मुख्य डीसी व्होल्टेजची. ते सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच हवे, कारण ते चढले की एनोडचे व्होल्टेज चढते आणि त्याबरोबर क्ष-किरणही. जादा व्होल्टेजला संच बंद करणारे संरक्षक सर्किट बायपास करणे हा गुन्हाच म्हणावा. नंतर एलओटीवरचे स्क्रीन (एकूण उजेडाचा) आणि फोकसचे नॉब येतात; स्क्रीन जास्त फिरवला की तिरप्या परतीच्या रेषा दिसू लागतात. उंची-रुंदी जुन्या संचात प्रीसेटने (पेचकसाने फिरवायच्या छोट्या नॉबने), नंतरच्या संचात सर्व्हिस मोडमधून (मेकॅनिकसाठीच्या लपलेल्या मेनूतून) बदलते. तिथले मूळ आकडे आधी कागदावर उतरवून घ्यावेत.

रंगांचे काम सगळ्यात नाजूक. प्युरिटी (प्रत्येक रंगाचा झोत आपल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडणे) आधी, कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर बसणे) नंतर. क्रम उलटला की दोन्ही पुन्हा करावे लागतात. डीगॉस केल्यावर पडद्यावर फक्त लाल रंग ठेवतात, योक मागे सरकवतात आणि मानेवरच्या दोन ध्रुवी चुंबकी चकत्या फिरवून लाल डाग मध्यावर आणतात. मग योक पुढे ढकलत सगळा पडदा एकसारखा लाल करतात. त्यानंतर चौकटींचा पॅटर्न लावून चार ध्रुवी चकत्यांनी लाल रेघ निळ्यावर आणि सहा ध्रुवी चकत्यांनी ती जोडी हिरव्यावर बसवायची. कडा राहिल्या तर योक किंचित कलवून रबरी पाचर बसवतात. हात टीव्हीच्या पाठीमागे आणि नजर पुढे हवी असल्याने समोर आरसा उभा करतात. कारखान्यात चकत्यांना लावलेला रंगाचा ठिपका शाबूत असेल आणि चित्र बरे असेल, तर त्यांना हातच लावू नये. पांढरा रंग शेवटी: गडद भाग कटऑफ नावाच्या सेटिंगने, उजळ भाग ड्राइव्हच्या सेटिंगने. सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबवर दिसणाऱ्या एक-दोन बारीक आडव्या सावल्या बिघाड नव्हेत, त्या पडद्यामागची उभ्या पट्ट्यांची ग्रिल सावरणाऱ्या तारांच्या असतात.

ट्यूब ‘वीक’ झाली, म्हणजे चित्र मंद पडले की एलओटीच्या कोरवर वायरचे एक-दोन वेढे देऊन ट्यूबच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला (इलेक्ट्रॉन सोडण्यासाठी तापवणाऱ्या तारेला) थोडे जास्त व्होल्टेज देण्याची युक्ती सर्वत्र होती. चित्र उजळते, पण ट्यूबचे उरलेले आयुष्य घटते. काढलेली ट्यूब मानेला धरून उचलत नाहीत. आत निर्वात पोकळी असल्याने फुटली तर काचा वेगाने उडतात, म्हणून चष्मा घालून, पडद्याची बाजू खाली ठेवूनच ती हलवतात. रंगीत ट्यूबच्या काचेत शिसे असते, त्यामुळे ती भंगारवाल्याच्या हातोड्याखाली न जाता अधिकृत ई-कचरा केंद्रात जावी लागते.