विक्रीतून दिलेले दान दुकानदाराला फुकट पडते का?
इंदूरच्या राजवाड्याजवळ एखाद्या दुकानात ‘विक्रीचा काही भाग दानासाठी’ अशी पाटी असली, तर ती सारी रक्कम दुकानदाराला करातून परत मिळते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. प्रामाणिक दात्यावर त्यामुळे अन्याय होतो. वजावट करातून नव्हे, तर करपात्र उत्पन्नातून होते: नोंदणीकृत संस्थेला १०,००० रुपये दिले आणि निम्मी वजावट लागू असली, तर उत्पन्न ५,००० रुपयांनी घटते, २० टक्के दराने कर, उपकर वगळता, १,००० रुपये वाचतो आणि उरलेले ९,००० रुपये त्याच्याच खिशातून जातात. नव्या करप्रणालीत तर ही वजावटही नाही. शंका असल्यास संस्थेची पावती नम्रपणे पाहायला मागावी आणि दानावर वजावट मिळवून देणारी तिची नोंदणी (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०जी) आयकराच्या संकेतस्थळावर तपासावी.