आपत्कालीन निर्गमन व अग्निप्रतिबंध

आग लागल्यावर किंवा धूर पसरू लागल्यावर इमारतीतील माणसांनी बाहेरच्या मदतीची वाट न पाहता, आपल्या पायांनी सुरक्षित जागी पोचणे म्हणजे आपत्कालीन निर्गमन. त्यासाठी आधीच राखून ठेवलेल्या वाटा, जिने, दरवाजे, इशाऱ्याची साधने व सराव यांचाही या संज्ञेत समावेश होतो. आग लागूच नये किंवा लागली तरी पसरू नये म्हणून योजलेल्या उपायांना अग्निप्रतिबंध म्हणतात. ग्रंथांत हे दोन विषय बहुधा स्वतंत्र प्रकरणांत येतात. कारखाना, कचेरी, वसतिगृह, कामगारांची निवासस्थाने अशा ठिकाणी मात्र त्यांची फारकत करता येत नाही. जिन्यात रचलेले पुठ्ठ्याचे खोके हे जळणही असते आणि अडथळाही.

जळण, उष्णता व ऑक्सिजन यांपैकी एक काढून घेतले की आग विझते, हे तत्त्व परिचित असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही. निर्गमनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो इमारतीचे कप्पे पाडण्याचा उपाय. एका कप्प्यातील आग व धूर ठरावीक वेळ तेथेच कोंडून राहावा, अशी यात अपेक्षा असते. कप्प्याचा कच्चा दुवा म्हणजे दरवाजा. आगरोधक दरवाजाच्या कडेला खाचेत एक पातळ पट्टी बसवलेली असते. उष्णता लागताच ती फुगते आणि फळी व चौकट यांमधली फट बुजवते. दरवाजा आपोआप मिटावा म्हणून वर दाबयंत्र असते. ये-जा सोपी व्हावी म्हणून कोणी तळाशी लाकडी पाचर ठोकली, की ही सारी योजना निकामी होते. यावर तोडगा म्हणून दरवाजा विद्युतचुंबकाने उघडा धरून ठेवतात. इशारा वाजताच चुंबकाचा प्रवाह तुटतो व दरवाजा मिटतो.

इतिहास : रात्री ठरलेल्या वेळी घंटा वाजवून चुली विझवायला किंवा निखारे झाकायला लावण्याची प्रथा मध्ययुगीन यूरोपात होती. ‘कर्फ्यू’ हा शब्द ‘आग झाका’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. संचारबंदी हा अर्थ नंतरचा. इंग्लंडमध्ये ही प्रथा पहिल्या विल्यमने १०६८ च्या सुमारास आणली असे परंपरेने सांगतात, काही जण तिचे श्रेय आल्फ्रेड राजाला देतात. प्रथा दोघांहूनही व्यापक असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आतून अंगाचा भार पडताच उघडणाऱ्या दरवाजाच्या दांड्याच्या, म्हणजे पॅनिक बारच्या, उगमाविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे त्याचे मूळ इंग्लंडमधील संडरलंड येथील व्हिक्टोरिया हॉलच्या दुर्घटनेत आहे. तेथे १६ जून १८८३ रोजी खेळ संपल्यावर भेटवस्तू घ्यायला जिन्यावरून धावत उतरलेल्या मुलांपैकी १८३ मुले चेंगरून मेली. जिन्याच्या तळाचा दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा होता आणि एकावेळी एकच मूल जाईल इतकाच उघडा ठेवून त्याला खिटी घातलेली होती. येथे आग लागलीच नव्हती, तरी अग्निसुरक्षेच्या इतिहासात ही घटना हटकून येते. पुढे १८९२ मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांना अशा कडीचे एकस्व (पेटंट) मिळाले. त्यांना ही कल्पना संडरलंडवरून सुचली असे सांगतात; मधले नऊ वर्षांचे अंतर पाहता हे विधान जपून स्वीकारावे.

दुसरे मत अमेरिकेकडे बोट दाखवते. शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहाला ३० डिसेंबर १९०३ रोजी आग लागून सहाशेहून अधिक प्रेक्षक मरण पावले. अनेक दरवाजे कुलूपबंद होते, काहींच्या कड्या प्रेक्षकांना अनोळखी होत्या. लोखंडी सामानाचे विक्रेते कार्ल प्रिन्झलर त्या खेळाला जाणार होते, पण कामामुळे राहिले. त्यांनी वास्तुविशारद हेन्री ड्यूपाँट यांच्याबरोबर आडव्या दांड्याची कडी तयार केली आणि इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट कंपनीने १९०८ पासून ती बाजारात आणली. ‘व्हॉन ड्युप्रिन’ हे तिचे नाव तिघांच्या आडनावांचे तुकडे जोडून झाले आहे. एकस्वाचा अग्रक्रम पाहिला तर ब्रिग्ज यांचे पारडे जड ठरते. प्रत्यक्ष प्रसार मात्र मुख्यतः अमेरिकी कडीमुळे झाला. दोन्ही घटनांत अडचण एकच होती. बाहेरच्याला आत येऊ न देणारा दरवाजा आतल्यालाही अडवून धरतो.

रुंदी आणि वेळ : वाट किती रुंद असावी याचे जुने माप २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर, हे होते. सैनिकाच्या खांद्यांच्या रुंदीवरून ते घेतले असे म्हणतात. एका रांगेला २२ इंच, दोन रांगांना ४४, असा हिशेब अनेक नियमावल्यांत वर्षानुवर्षे चालला. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष निरीक्षण केल्यावर कॅनडातील संशोधक जेक पॉल्स यांना आढळले, की माणसे कवायतीसारखी रांगेत चालत नाहीत. ती डोलत चालतात आणि दोन्ही भिंतींपासून साधारण १५ सेंटिमीटर अंतर सोडतात. म्हणून भिंतीलगतची ही जागा वगळून उरणारी रुंदी हिशेबात धरावी, असे त्यांनी मांडले. ही मांडणी अधिक पटण्याजोगी आहे.

अडीच मिनिटांत इमारत रिकामी व्हावी, या ब्रिटिश दंडकाची कुळकथा अशीच. एडिंबरोच्या एम्पायर पॅलेस नाट्यगृहात ९ मे १९११ रोजी जादूगार लाफायेत यांच्या प्रयोगात रंगमंचाला आग लागली. अग्निरोधक पडदा खाली आला, वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केले आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक अडीच मिनिटांत बाहेर पडले, असे सांगितले जाते. रंगमंचामागचे लोक मात्र दगावले. हा अवधी १९५२ च्या एका ब्रिटिश शासकीय अभ्यासाने मान्य केला आणि तेथून तो नियमांत रुजला. राष्ट्रगीताने उठून उभे राहिलेले, आग डोळ्यांनी पाहिलेले प्रेक्षक आणि वसतिगृहात गाढ झोपलेली माणसे यांना एकच मोजपट्टी लावणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

एडिंबरोच्या आगीच्याच वर्षी, २५ मार्च १९११ रोजी, न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मरण पावले. कुलूपबंद दरवाजा आणि कोसळलेला बाहेरचा लोखंडी जिना हे तपशील सर्वत्र आढळतात. आग आठव्या मजल्यावर लागली होती. तेथून दहाव्या मजल्यावरच्या कचेरीला दूरध्वनी गेला. नवव्या मजल्याला खबर मिळालीच नाही, आणि बहुतेक बळी त्याच मजल्यावरचे होते.

आधुनिक हिशेबात दोन अवधींची तुलना करतात : वाट वापरण्याजोगी राहील तो वेळ आणि सर्वांना बाहेर पडायला लागेल तो वेळ. दुसऱ्यात आगीचा सुगावा लागणे, इशारा मिळणे, माणसाने निघायचे ठरवणे आणि चालणे हे चार टप्पे येतात. नियमावल्यांचा भर दीर्घकाळ चौथ्या टप्प्यावर राहिला. वेळ बहुधा तिसऱ्यात जातो.

वर्तन : लोक घाबरून सैरावैरा धावतात, हा जुना समज होता. मानसशास्त्रज्ञ बिब लटाने व जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थी सांगायला बाहेर आले. सोबत दोन जण मुद्दाम निर्विकार बसवलेले असताना दहांपैकी एकच उठला. बाकीचे खोकत, डोळे चोळत, हाताने धूर वारत लिहीत राहिले. आयल ऑफ मॅन बेटावरील समरलँड या करमणूक केंद्रात १९७३ मध्ये लागलेल्या आगीत ५० जण दगावले. तिच्या अभ्यासातून जोनाथन साइम यांनी दाखवले, की माणसे आधी आपल्या माणसांकडे आणि मग ओळखीच्या दरवाजाकडे वळतात. आपत्कालीन दरवाजा रोजच्या वापरात नसेल तर फलक असूनही त्याकडे फारसे कोणी जात नाही. म्हणून सरावात एखादा नेहमीचा जिना मुद्दाम बंद ठेवणे उपयुक्त मानतात.

सामूहिक निवास : येथे झोप हा मुख्य घटक आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे निर्गमनाचा इशारा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या तीन ठोक्यांचा आणि मग दीड सेकंद थांबण्याचा असतो. धूरशोधकांचा नेहमीचा तीक्ष्ण, सुमारे ३००० हर्ट्झचा आवाज लहान मुलांना व कमी ऐकू येणाऱ्यांना जागे करायला अनेकदा पुरत नाही; ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज अधिक परिणामकारक ठरला आहे. ऑस्ट्रेलियातील चिल्डर्स येथील प्रवासी वसतिगृहाला जून २००० मध्ये आग लावण्यात आली व १५ जण मेले. इशारायंत्रणा बंद होती, आणि एका खोलीत खिडकीला गज व सुटकेच्या दरवाजासमोर दुमजली पलंग होता.

उंच निवासी इमारतींत ‘आपल्या घरातच थांबा’ हा सल्लाही दिला जातो. प्रत्येक घर स्वतंत्र कप्पा आहे आणि सर्वांनी एकदम बाहेर पडून जिना भरून टाकू नये, हा त्यामागचा विचार. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी बाहेरच्या ज्वलनशील आवरणातून आग वर चढली तेव्हा त्या विचाराचा पायाच राहिला नाही. पहिला दूरध्वनी रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी आला होता. सल्ला मागे घेतला गेला २ वाजून ४७ मिनिटांनी. एकूण ७२ जण मृत्युमुखी पडले.

जिना उतरू न शकणाऱ्यांसाठी जिन्याच्या आगरोधक कप्प्यात थांबण्याची जागा, दुतर्फा बोलण्याचे यंत्र आणि घसरत उतरणारी खुर्ची यांची सोय करतात. बाहेर ठरलेल्या जागी जमून हजेरी घेतली जाते. कचेरीत हजेरीपटावरून हे सोपे जाते. वसतिगृहात त्या रात्री कोणत्या खोलीत कोण झोपले होते याची नोंद बहुधा नसते, त्यामुळे अग्निशमन दलाला आत कितीजण आहेत हे शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्यांनाच विचारावे लागते.